फलाट क्रमांक १७ पासून बिर्केनाऊपर्यंत : सात दिवसांची नोंद

दिवस पहिला : बर्लिन

सत्तावीस वर्षे मी शाळेत इतिहास शिकवला आणि त्यांतली बहुतेक वर्षे दुसऱ्या महायुद्धाच्या धड्यात ‘साठ लाख ज्यूंची हत्या’ एवढेच फळ्यावर लिहून पुढच्या मुद्द्याकडे वळले. तास पस्तीस मिनिटांचा असे आणि पुढे हिरोशिमा, मग संयुक्त राष्ट्रे, मग परीक्षा. निवृत्तीनंतर वाचायला सवड मिळाली तेव्हा लक्षात आले की त्या साठ लाखांत जवळजवळ निम्म्या बायका आणि मुली होत्या आणि त्यांच्यावर जे ओढवले त्याची रीत अनेक बाबतींत वेगळी होती. पोटात मूल असणे, कडेवर मूल असणे, घरातल्या म्हाताऱ्यांना सोडून जाता न येणे, केस कापले जाणे, परक्या पुरुषांसमोर विवस्त्र उभे राहणे या गोष्टी कोणत्याही आकड्यात दिसत नाहीत. लेक चार वर्षांपासून नोकरीनिमित्त बर्लिनला असते. मार्च अखेरीला तिच्याकडे गेले, तेव्हा आम्ही दोघींनी सात दिवस याच शोधासाठी राखून ठेवले.

निघण्यापूर्वी शाळेतली माझी एक जुनी सहकारी भेटायला आली होती. तिचे घराणे अलिबाग तालुक्यातले, बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू. शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवणारे म्हणून कोकणात त्यांना पूर्वी शनिवार तेली म्हणत. आपल्या पूर्वजांना कोकणात धर्मापायी कोणी कधी त्रास दिला नाही, हे ती नेहमी अभिमानाने सांगते. जिथे त्यांचे पूर्वज किनाऱ्याला लागले असे मानतात त्या नवगावचे तीन खडे तिने काड्यापेटीत घालून दिले आणि म्हणाली, “फुलं नको नेऊस. गेलेल्यांच्या आठवणीला आम्ही खडा ठेवतो.”

पहिल्या सकाळी आम्ही ग्रुनेवाल्ड स्थानकावर गेलो. पश्चिम बर्लिनमधले हे झाडीतले, मोठमोठ्या बंगल्यांचे उपनगर आहे आणि शहरातल्या ज्यूंना घेऊन गाड्या निघाल्या त्यांतल्या पुष्कळ इथल्या फलाट क्रमांक १७ वरून. आता रुळांच्या दोन्ही बाजूंनी पोलादी पट्ट्या बसवल्या आहेत, एकूण १८६, आणि प्रत्येक पट्टीच्या कडेवर तारीख, माणसांची संख्या आणि गाडी कुठे गेली ते कोरलेले आहे. पहिली पट्टी १८ ऑक्टोबर १९४१ ची : १२५१ ज्यू, बर्लिन ते लोड्झ. शेवटची मार्च १९४५ ची आहे. तोपर्यंत रशियन फौजा ओडर नदीपर्यंत पोहोचल्या होत्या, शहर बॉम्बहल्ल्यांनी मोडले होते आणि तरीही उरलेल्या अठरा माणसांना टेरेझिनश्टाटच्या छावणीत धाडण्याची व्यवस्था कोणीतरी टेबलाशी बसून केली होती.

पट्ट्यांवर स्त्री-पुरुष वेगळे दाखवलेले नाहीत. परंतु या गाड्यांत बायकांची, विशेषतः उतारवयाच्या बायकांची संख्या जास्त होती, हे आता संशोधनातून पुरेसे स्पष्ट आहे. १९३३ नंतर जर्मनी सोडून जाणाऱ्यांत तरुण मुलगे आणि कर्ते पुरुष पुढे होते, कारण अटक होते ती पुरुषांना, बाईमाणसाला कोण हात लावणार, असा समज होता. आईवडिलांना सांभाळायला मुली मागे राहिल्या आणि १९३९ मध्ये जर्मनीत उरलेल्या ज्यूंमध्ये बायका निम्म्याहून बऱ्याच जास्त होत्या. निघून जाण्याचा आग्रह घरात पुष्कळदा बायकांनीच आधी धरला होता, कारण वाण्याच्या दुकानातला बदललेला सूर आणि शाळेत मुलांना मिळणारी वागणूक त्यांना रोज दिसत होती.

दुपारी क्राउझनिक रस्त्यावर रेगिना योनास राहत असे ते ठिकाण पाहिले. तिथे तिच्या नावाची पाटी आहे. जगातली पहिली स्त्री रब्बाय (ज्यू धर्मगुरू) म्हणून तिला डिसेंबर १९३५ मध्ये, म्हणजे ज्यूंचे नागरिकत्व काढून घेणारे न्यूरेंबर्ग कायदे झाल्यानंतर तीन महिन्यांनी, दीक्षा मिळाली. स्त्रीला हे पद घेता येते का, याच प्रश्नावर तिने धर्मग्रंथांच्या आधारे प्रबंध लिहिला होता. नोव्हेंबर १९४२ मध्ये तिला टेरेझिनश्टाटला नेले. तिथे ती नव्याने येणाऱ्यांना धीर देई, व्याख्याने देई. ऑक्टोबर १९४४ मध्ये तिची आउश्वित्झला हत्या झाली आणि पुढे जवळजवळ पन्नास वर्षे तिचे नाव कोणी घेतले नाही. बर्लिनची भिंत पडल्यानंतर पूर्वेकडच्या दफ्तरखान्यात तिची कागदपत्रे हाती आली. तिच्यासोबत टेरेझिनश्टाटमध्ये काम केलेले विद्वान पुरुष जगले, त्यांनी विपुल लिहिले, पण त्यांच्या लेखनात ती जवळपास आलीच नाही, ही गोष्ट मला फार लागली.

दिवस दुसरा : राव्हेन्सब्र्युक

बर्लिनहून उत्तरेला तासाभराच्या अंतरावर फ्युर्स्टेनबेर्ग नावाचे लहान गाव आहे. स्थानकापासून छावणीपर्यंत आम्ही मुद्दाम चालत गेलो, कारण कैदी बायकांनाही हेच अंतर चालवत नेत असत. रस्ता घरांच्या खिडक्यांखालून जातो. मग झाडी लागते आणि झाडीतून श्वेड्ट नावाचे तळे दिसू लागते. पलीकडच्या काठावर गावातल्या चर्चचा मनोरा आहे. मार्चच्या थंडीत काठाशी अजून पातळ बर्फ होते.

राव्हेन्सब्र्युक ही नाझींनी खास स्त्रियांसाठी उभारलेली मोठी छळछावणी मे १९३९ मध्ये सुरू झाली. पुढच्या सहा वर्षांत तीसहून अधिक देशांतल्या सुमारे १,२०,००० बायका आणि मुले इथे आणली गेली. त्यांत राजकीय कैदी होत्या, रोमा म्हणजे जिप्सी बायका होत्या, यहोवाच्या साक्षीदार पंथातल्या होत्या, ज्यांच्या पायांवर जखमा करून औषधांचे प्रयोग केले गेले त्या पोलिश मुली होत्या. ज्यू सुमारे पाचव्या हिश्शाने होत्या आणि छावणीच्या उतरंडीत त्यांची जागा सर्वांत खाली होती. लाकडी बराकी आता नाहीत. काळ्या खडीच्या मोकळ्या मैदानात त्यांच्या जागी उथळ खोलगट चौकोन तेवढे दिसतात.

पहारेकरणींसाठी बांधलेली घरे मात्र शाबूत आहेत. त्यांपैकी काहींत आज तरुणांसाठी वसतिगृह आहे आणि एकात त्या पहारेकरणींविषयीचे प्रदर्शन आहे. तीन हजारांहून अधिक स्त्रियांनी इथे पहाऱ्याचे शिक्षण घेतले. वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींत काम हलके असल्याचे सांगितले होते, आणि गिरणीतल्या, दुकानातल्या मुलींना पगार, गणवेश व राहायला घर मिळत होते. खिडकीत फुलांच्या कुंड्या असलेल्या त्या घरांचे फोटो पाहत मी बराच वेळ उभी राहिले. स्त्रीच्या ठायी उपजतच करुणा असते असे मुलींना सांगत मी वाढवले होते. त्या खोलीत उभे असताना ते वाक्य मला मागे घ्यावेसे वाटले.

इथल्या ज्यू बायकांपैकी ओल्गा बेनारिओ प्रेस्टेस हिचे नाव बहुतेकांना ठाऊक असते. म्युनिकमध्ये जन्मलेली ही कम्युनिस्ट कार्यकर्ती ब्राझीलमध्ये पकडली गेली आणि १९३६ मध्ये, गरोदर असताना, तिला जर्मनीच्या हवाली करण्यात आले. बर्लिनच्या तुरुंगात मुलगी झाली. चौदा महिन्यांनी ती आजीच्या स्वाधीन केली गेली म्हणून वाचली. ओल्गाला राव्हेन्सब्र्युकला आणल्यावर ज्यू बराकीची प्रमुख करण्यात आले. तिने कागदाच्या लहान तुकड्यांवर नकाशे काढून एक चिमुकला नकाशासंग्रह बनवला आणि सोबतच्या बायकांना भूगोल शिकवला. तळहातावर मावेल एवढ्या कागदावर देशांच्या सीमा आखणारी ती बाई माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही, कदाचित मीही नकाशे टांगत आयुष्य काढले म्हणून.

१९४२ च्या वसंतात ओल्गासह सुमारे १६०० बायकांना ‘दुसऱ्या छावणीत’ म्हणून गाड्यांत भरून बेर्नबुर्गला नेले आणि तिथल्या गॅस चेंबरमध्ये मारले. त्यांत ज्यू बायका सुमारे निम्म्या होत्या. व्हिएन्नाची समाजशास्त्रज्ञ केटे लाइष्टर हीसुद्धा त्यांच्यातच गेली. कुठे नेतात ते कळावे म्हणून जाणाऱ्यांनी कपड्यांच्या शिवणीत चिठ्ठ्या लपवायच्या असे ठरले होते आणि कपडे छावणीत परत आले तेव्हा शिवणीत वाटेतल्या गावांची नावे सापडली, ही आठवण वाचलेल्या बायकांनी सांगितली आहे. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात जर्मन भूमीवरच्या छावण्या ज्यूंपासून ‘मुक्त’ करण्याचा हुकूम निघाला आणि उरलेल्या पाचशेवर ज्यू बायकांना आउश्वित्झला धाडले. परंतु दोन वर्षांतच युद्धाच्या कारखान्यांना हात कमी पडू लागले आणि हंगेरीतल्या ज्यू बायकांनी छावणी पुन्हा भरली. जागा नव्हती म्हणून दलदलीच्या जमिनीवर एक मोठा तंबू ठोकून त्यात हजारोंना कोंबले होते. त्या शेवटच्या हिवाळ्यात छावणीच्या जन्मनोंदीत पाचशेहून अधिक बाळे आहेत, आणि त्यांतली बहुतेक काही दिवसांत किंवा आठवड्यांत गेली.

भुकेने व्याकुळ झालेल्या बायका रात्री फळ्यांवर पडून एकमेकींना पाककृती सांगत. किती अंडी, किती लोणी, कणीक किती वेळ मुरवायची, असे सविस्तर, आणि काहींनी त्या मिळेल त्या कागदावर उतरवूनही घेतल्या. हे वेड नव्हते. आपले घर होते, आपल्या हाताला चव होती आणि पाहुणे आपल्याकडे जेवायला येत होते, याची ती उजळणी होती.

१९४५ च्या सुरुवातीला इथेही गॅस चेंबर उभारले आणि त्यात पाच ते सहा हजार कैद्यांना मारले. दहनभट्ट्यांतली राख या तळ्यात टाकली गेली. ३० एप्रिल १९४५ रोजी रशियन फौज पोहोचली. काठावर उंच स्तंभावर एक शिल्प आहे : एक बाई गळून गेलेल्या दुसरीला दोन्ही हातांवर उचलून पाण्याकडे पाहते आहे. त्याच्या पायथ्याशी मी पहिला खडा ठेवला.

दिवस तिसरा : बर्लिन ते वॉर्सा

सहा तासांचा रेल्वेप्रवास. पोलंड म्हटले की कोल्हापूरकरांना वळिवडे आठवते. युद्धकाळात तिथल्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका आणि मुले. त्यांना सोव्हिएत सत्तेने सैबेरियाकडे हद्दपार केले होते आणि तिथून ते आपल्याकडे आले. ती कहाणी मोलाची आहे, पण तिची आणि ज्यूंच्या संहाराची सरमिसळ मी अनेकदा ऐकली आहे, म्हणून इथे नोंदवून ठेवते.

गाडीत बसून मी ‘काशारियोत’ म्हणजे दुवा जोडणाऱ्या मुलींविषयी वाचत होते. ज्यूंना रेल्वेने प्रवास करण्यास बंदी होती आणि घेटोबाहेर, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीबाहेर, सापडल्यास मृत्युदंड होता. तरीही युवक संघटनांतल्या विशी-पंचविशीतल्या मुली खोट्या कागदपत्रांवर वॉर्सा, क्राकूव, बियाविस्टोक, व्हिल्ना, बेंजिन या घेटोंमध्ये ये-जा करत होत्या. पत्रके, पैसे, बनावट ओळखपत्रे, पुढे पिस्तुले आणि हातबॉम्ब, आणि व्हिल्नाजवळ पोनारीच्या जंगलात हजारोंना गोळ्या घातल्याची बातमी, असे सारे त्यांनी वाहून नेले. या कामासाठी मुलीच का, याची कारणे साधी आहेत. पुरुषाची सुंता झालेली असे आणि संशय आला की तपासणी तिथेच होई. बाईच्या शरीरावर अशी खूण नव्हती. शिवाय पुष्कळ घरांत मुलगे धार्मिक शाळेत जात आणि मुली सरकारी पोलिश शाळेत, त्यामुळे मुलींच्या पोलिश बोलण्याला यिडिश या ज्यूंच्या घरगुती भाषेचा हेल नसे. मुलीच्या शिक्षणाला कमी लेखल्यामुळे तिला मिळालेली भाषा अशी तिच्या कामी आली.

त्यांच्यापैकी तिघींचा एक फोटो प्रसिद्ध आहे : टेमा श्नायडरमन, बेला हझान आणि लोन्का कोझिब्रोड्स्का. १९४१ च्या नाताळात ग्रोड्नोमध्ये गेस्टापोच्या, म्हणजे नाझी गुप्त पोलिसांच्या, मेजवानीला पोलिश मुली म्हणून हजर राहावे लागले तेव्हा तो काढलेला आहे. तिघी व्यवस्थित केस विंचरून कॅमेऱ्याकडे पाहत आहेत. टेमा जानेवारी १९४३ मध्ये मारली गेली. लोन्का पकडली गेली आणि आउश्वित्झच्या बिर्केनाऊ छावणीत टायफसने गेली. तिचा शोध घ्यायला निघालेली बेलाही पकडली गेली, पण आपण पोलिश ख्रिस्ती आहोत हे तिने शेवटपर्यंत टिकवले आणि ती जगली. मेलेल्या मैत्रिणीसाठी उघडपणे शोक करण्याचीसुद्धा तिला सोय नव्हती.

तिकीट तपासनीस आला तेव्हा लेकीने दोघींची तिकिटे फोनवर दाखवली. तो हसून पुढे गेला. आम्ही काही बोललो नाही.

दिवस चौथा : वॉर्सा

ज्यू इतिहास संस्थेची इमारत युद्धात जळली, पण उभी राहिली. प्रवेशदालनाच्या फरशीवर त्या आगीचे डाग अजून आहेत. शेजारचे भव्य सिनेगॉग (ज्यू प्रार्थनास्थळ) घेटोचा उठाव चिरडल्याची खूण म्हणून जर्मनांनी १६ मे १९४३ रोजी सुरुंग लावून पाडले. याच इमारतीत इतिहासकार इमान्युएल रिंगेलब्लूम यांच्या भोवती जमलेला गुप्त गट भेटत असे. घेटोत जे घडत होते त्याची नोंद करायची, बातमी, रोजनिशी, रेशनकार्ड, मुलांचे निबंध, मिठाईचे वेष्टन, सारे जमा करायचे आणि जमिनीत पुरायचे, हे त्यांचे काम. सप्टेंबर १९४६ मध्ये पत्र्याच्या दहा पेट्या आणि डिसेंबर १९५० मध्ये दुधाच्या दोन मोठ्या बरण्या नोवोलिप्की रस्त्यावरच्या ढिगाऱ्याखाली मिळाल्या. त्यांतली एक बरणी इथे ठेवली आहे. आपल्याकडच्या डेअरीत असते तशीच, गंजलेली.

या संग्रहातल्या तीन बायकांसाठी मी वॉर्सात आले होते.

राखेल आउएरबाख लेखिका होती. युद्ध सुरू झाल्यावर रिंगेलब्लूमच्या सांगण्यावरून ती शहरात थांबली आणि लेश्नो रस्त्यावर तिने सार्वजनिक स्वयंपाकघर चालवले. पातळ सूप हजारोंना वाढूनही माणसे मरतच होती, हे तिने पाहिले आणि लिहून ठेवले : कोण रोज येत होता, कोणाचे पाय सुजू लागले, कोण येईनासा झाला. मदत कोणाला थोडी जास्त द्यावी, हा प्रश्न तिने स्वतःला वारंवार विचारला आहे. गटातली जी तीन माणसे युद्धानंतर उरली त्यांपैकी ती एक. ढिगाऱ्याखाली कागद आहेत, खणा, असा धोशा तिने लावला. पुढे इस्रायलमध्ये याद वाशेम या ज्यूसंहाराच्या स्मृतिसंस्थेत साक्षी नोंदवण्याचा विभाग तिने उभा केला.

त्सेसिल्या स्वापाकोवा हिला संग्रहातर्फे घेटोतल्या स्त्रियांचा अभ्यास करण्याचे काम मिळाले. १९४१ च्या डिसेंबरपासून पुढच्या वसंतापर्यंत तिने सोळा-सतरा बायकांशी बोलून त्यांची जीवने टिपली : चोरटा माल आणणारी, उपाहारगृहात वाढणारी, नवरा कैदेत गेल्यावर विणकामावर घर चालवणारी. आजूबाजूला रस्त्यात माणसे मरून पडत असताना युद्धाने बायकांची कामे, घरातले स्थान आणि स्वभाव कसे बदलले हे तिने शांतपणे विचारले. २२ जुलै १९४२ रोजी ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीकडे गाड्या सुटू लागल्या. त्या उन्हाळ्यात ती आणि तिची मुलगी गेली. तिचे हस्तलिखित राहिले.

गेला सेक्सटाइन चित्रकार होती. पेट्या पुरणाऱ्यांपैकी एकाची पत्नी. मुलांची तिने काढलेली जलरंगांतली चित्रे भिंतीवर आहेत, कपाळावर आलेली झुलपे, लांबट चेहरे. १ ऑगस्ट १९४२ च्या सुमारास तिने चित्रांसोबत एक मृत्युपत्र पेटीत ठेवले. तिला स्तुती नको होती. आपली आणि वीस महिन्यांच्या मार्गोलित या मुलीची आठवण राहावी, एवढीच तिची इच्छा होती. मी इथे तिचे आणि मार्गोलितचे नाव लिहिते आहे.

संध्याकाळी उमश्लागप्लाट्झला, म्हणजे माणसांना गाड्यांत भरत त्या जागी, गेलो. १९४२ च्या जुलै ते सप्टेंबर या काळात इथून अडीच लाखांहून अधिक माणसे ट्रेब्लिंकाला नेली. स्मारकाच्या पांढऱ्या भिंतीवर आडनावे नाहीत, चारशेहून अधिक नावे फक्त आहेत, वर्णक्रमाने, आबापासून झान्नापर्यंत. आमच्याकडे वाटेवर हाक मारावी तशी ती वाचता येतात. लेक मुलींची नावे शोधून हलक्या आवाजात वाचत होती. दुसरा खडा तिने ठेवला.

दिवस पाचवा : क्राकूव

दुपारपर्यंत क्राकूव गाठले. नदीपलीकडच्या पोदगूझे भागात मार्च १९४१ ते मार्च १९४३ घेटो होता. ज्या चौकातून माणसे नेली तिथे आता धातूच्या रिकाम्या खुर्च्या मांडल्या आहेत, कारण घेटो रिकामा केल्यावर चौकात टाकून दिलेले सामानसुमान तेवढे उरले होते. थंडी वाढली, आम्ही लवकर परतलो. दुसऱ्या दिवसासाठी दोघींनाही झोप हवी होती आणि दोघींनाही ती आली नाही.

दिवस सहावा : आउश्वित्झ आणि बिर्केनाऊ

२६ मार्च १९४२ रोजी या छावणीत पहिल्या स्त्री कैदी आल्या. राव्हेन्सब्र्युकहून ९९९ जर्मन बायका आणि त्याच दिवशी स्लोव्हाकियातल्या पोप्राड स्थानकावरून सुमारे हजार अविवाहित ज्यू मुली. त्यांना घरी सांगितले होते की काही महिने कारखान्यात काम करायचे आहे. मुलींनी चांगले कपडे आणि मजबूत बूट घातले होते. पाठवलेल्या प्रत्येक ज्यूमागे स्लोव्हाक सरकारने जर्मनीला ५०० मार्क मोजले. म्हणजे आपल्याच मुलींना नेण्यासाठी सरकारने पैसे भरले. उन्हाळा संपेपर्यंत त्यांच्यातल्या फार थोड्या उरल्या होत्या.

मूळ छावणीत दहा क्रमांकाची इमारत बाहेरून पाहता येते. कार्ल क्लाउबेर्ग आणि होर्स्ट शूमान या डॉक्टरांनी इथे ज्यू बायकांवर वंध्यीकरणाचे प्रयोग केले, गर्भाशयात दाहक द्रव्ये सोडून आणि क्षकिरणांनी. यांतल्या कितीतरी मुली विशीच्या आतबाहेरच्या होत्या आणि जगल्या त्यांना आयुष्यभर वेदना आणि अपत्यहीनता सोसावी लागली.

चार क्रमांकाच्या इमारतीत बायकांचे केस आहेत, काचेआड, सुमारे दोन टन. काही वेण्या तशाच गुंफलेल्या आहेत. तिथे फोटो काढायचा नसतो. मी लहानपणापासून लेकीची वेणी घालत आले. तिने माझा हात धरला आणि आम्ही बाहेर आलो.

बिर्केनाऊ तिथून तीन किलोमीटरवर. रूळ फाटकातून आत येतात आणि फलाट लागतो. मे ते जुलै १९४४ या आठ आठवड्यांत हंगेरीतून चार लाखांहून अधिक ज्यू इथे उतरवले. उतरल्यावर बोटाच्या एका खुणेने दोन रांगा होत. ज्या बाईच्या हातात लहान मूल असे ती मुलासह थेट गॅस चेंबरकडे जाई, मग ती कितीही धडधाकट असो. गाड्या रिकाम्या करणारे जुने कैदी काही वेळा तरुण आयांच्या कानात कुजबुजत : मूल आजीकडे दे. का, ते सांगायला वेळ नसे. काहींनी दिले आणि त्या जगल्या, आणि पुढची चाळीस-पन्नास वर्षे त्या क्षणासह राहिल्या. पुरुषाच्या वाट्याला ही निवड क्वचितच आली. ‘साठ लाख’ शिकवताना मी जे कधी सांगितले नाही ते हेच आहे.

स्त्रियांच्या विभागातल्या विटांच्या बराकी आता टेकू लावून उभ्या ठेवल्या आहेत. आत तीन मजली फळ्या. एकेका कप्प्यात पाच-सहा, कधी त्याहून जास्त बायका. उपासमारीने पाळी बंद होई. सूपात काहीतरी मिसळतात असा बायकांना संशय होता आणि आपल्याला आता मूल होणार नाही, ही भीती त्या एकमेकींशी बोलत. ज्यांची बंद झाली नव्हती त्यांना चिंधीसुद्धा मिळत नसे. आई, बहीण गेल्यावर दोघी-तिघी मिळून ‘छावणीतल्या बहिणी’ होत, भाकरीचा तुकडा वाटून खात, हजेरीत एकीला चक्कर आली तर दुसरी पाठीमागून धरून ठेवी. सगळ्याच जणी अशा नव्हत्या. चोरी होती, मारहाण करणाऱ्या कैदी-मुकादम होत्या. लैंगिक अत्याचारांबद्दल तर दशकानुदशके कोणी विचारले नाही, आणि न विचारता सांगण्यासारखी ती गोष्ट नव्हती.

सिगेट गावची स्त्रीरोगतज्ज्ञ गिसेला पेर्ल इथे कैदी होती. गरोदर असल्याचे उघडकीस आले की आई आणि पोटातले मूल दोघेही मारले जात, म्हणून रात्री, हत्याराविना, घाणीत, ती बायकांचे गर्भपात करी. जन्माला मूल आणणे हा जिचा पेशा आणि धर्म, तिने आईला वाचवण्यासाठी हे केले. युद्धानंतर तिने न्यूयॉर्कमध्ये पुन्हा बाळंतपणे करायला सुरुवात केली. याच्या जोडीला एक गोष्ट सांगितलीच पाहिजे : डाखाऊच्या कौफेरिंग उपछावणीत १९४४-४५ च्या हिवाळ्यात सात हंगेरियन ज्यू बायका बाळंत झाल्या आणि सातही बाळे जगली.

दूरवर उद्ध्वस्त दहनगृहांचे ढिगारे आहेत. ७ ऑक्टोबर १९४४ रोजी तिथे राबणाऱ्या ज्यू कैद्यांनी उठाव केला. त्यांच्याकडची स्फोटाची दारू बायकांनी पुरवली होती. युनियन या दारूगोळ्याच्या कारखान्यात काम करणाऱ्या आला गेर्टनर, रेगिना साफिरश्टाइन, एस्तेर वाइत्सब्लूम आणि त्यांच्या मैत्रिणी चिमूट-चिमूट पूड चिंधीत बांधून कपड्यांत लपवून आणत. ती रोझा रोबोटाकडे जाई आणि तिच्याकडून पुढे. महिनोन्महिने हे चालले. उठाव मोडल्यावर या चौघींचा छळ झाला. रोझाला बाहेरची नावे ठाऊक होती. तिने ती सांगितली नाहीत. जानेवारी १९४५ च्या पहिल्या आठवड्यात चौघींना कैदी बायकांसमोर फाशी दिले. तीन आठवड्यांनी, २७ जानेवारीला, छावणी मुक्त झाली. एस्तेरची धाकटी बहीणही त्या कामात होती, ती वाचली.

तिसरा खडा विटांच्या बराकीच्या उंबऱ्याशी ठेवला.

दिवस सातवा : क्राकूव

विमान संध्याकाळचे होते. सकाळी मॉन्टेलुपी तुरुंगाच्या भिंतीलगत चालत गेलो. तो अजून तुरुंगच आहे. गेस्टापोच्या काळात बायकांना जवळच्या हेल्त्सलुव रस्त्यावर ठेवत. १९४३ च्या सुरुवातीला गुस्टा डेव्हिडसन ड्रेंगर ही पंचविशीतली तरुणी तिथे होती. क्राकूवच्या ज्यू युवक गटाने डिसेंबर १९४२ मध्ये जर्मन अधिकाऱ्यांच्या कॅफेवर बॉम्ब टाकले होते. त्यानंतर तिच्या नवऱ्याला अटक झाली तेव्हा तीही स्वतः हजर झाली, कारण एकाला पकडले तर दुसऱ्यानेही यायचे, असे दोघांचे ठरलेले होते.

कोठडीत तिने आपल्या गटाची हकिकत लिहिली, शौचालयाच्या कागदाच्या तिकोनी तुकड्यांवर. छळामुळे तिची बोटे लिहू देईनाशी झाली की ती सांगे आणि मैत्रिणी लिहून घेत. एकाहून अधिक प्रती करत, म्हणजे एखादी तरी बाहेर राहील. पहारेकऱ्याला सांगण्याचा आवाज जाऊ नये म्हणून उरलेल्या जणी मोठ्याने गात. एप्रिल १९४३ च्या अखेरीला गुस्टा आणि तिचा नवरा एकाच दिवशी निसटले, पुन्हा काम सुरू केले आणि नोव्हेंबरात मारले गेले. लिहिलेल्यातला काही भाग हरवला, पण बराचसा मिळाला.

विमानतळावर वेळ होता. उपाहारगृहातला एक पातळ कागदी रुमाल घेऊन मी त्याचा तिकोनी तुकडा केला आणि लेकीच्या पेन्सिलीने, जमेल तेवढ्या बारीक अक्षरांत, गेल्या सात दिवसांत भेटलेल्या बायकांची नावे लिहू लागले. पेन्सिल जरा दाबली की कागद फाटे. मार्गोलितच्या नावापर्यंत येईतो पंधरा मिनिटे गेली होती, आणि लेक म्हणाली, “आई, दे, पुढचं मी लिहिते.”